बापाचं मन वळवताना

हिंदीतला व्यावसायिक सिनेमा समलिंगी प्रेमाची गोष्ट सांगायला बसला, की प्रेमात कुणीही पडो, कसोटी लागते ती बापाची. 'एक लडकी को देखा तो ऐसा लगा' (2019) मध्ये हा बाप अनिल कपूर असतो, 'शुभ मंगल ज्यादा सावधान' (2020) मध्ये गजराज राव. सहकुटुंब आलेल्या प्रेक्षकाला आपल्यासारखा बिचकणारा, चिडणारा, पण मुळात मायाळू माणूस पडद्यावर हवा असतो. गजराज राव आगगाडीत मुलाला दुसऱ्या मुलाचं चुंबन घेताना पाहतो आणि त्याला ओकारी येते. थिएटर हसतं ते बापाला. प्रेक्षकाच्या मनातली किळस आधी पडद्यावर मोकळी करायची, मग तिचीच टर उडवायची, असा हा डाव आहे.

'कल हो ना हो' (2003) मधली कांताबेन दोन पुरुषांना एकत्र पाहून हबकायची, तेव्हा विनोद त्या दोघांवर होता. सतरा वर्षांत हसण्याचा रोख फिरला, ही कमाई लहान नाही. त्याही आधी दीपा मेहतांच्या 'फायर'ने कुणाची मनधरणी केली नव्हती. त्यातल्या एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोघी जावा सरळ घर सोडतात. डिसेंबर 1998 मध्ये मुंबईत त्याचे खेळ शिवसैनिकांनी बंद पाडले.

मनधरणीची किंमत मात्र प्रेमिकांनाच मोजावी लागते. 'एक लडकी को देखा...' मध्ये सोनम कपूरच्या स्वीटीचं जिच्यावर प्रेम आहे, ती कुहू पडद्यावर येते किती थोडा वेळ! तिच्याहून जास्त जागा राजकुमार रावच्या समजूतदार लेखकाला. परवानगी मागायला आलेल्यांनी सोज्वळच असायचं. भांडण, मत्सर, शरीराची ओढ हे सगळं बापाला झेपेल तेवढंच.

रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' पाहताना हे फार जाणवतं. 2025 च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळवलेल्या या मराठी चित्रपटात बाप सुरुवातीलाच गेलेला आहे. मुलाचं काय ते त्याला माहीत होतं, आईलाही आहे. नातेवाईक लग्नाचा लकडा लावतात, पण आईची समजूत घालण्यात एक मिनिटही खर्ची पडत नाही. तो सगळा वेळ हा मुलगा, आनंद, आणि शेळ्या राखणारा बाळ्या यांच्या वाट्याला येतो. अर्थात, नामवंत नट घेऊन पहिल्याच आठवड्यात गल्ला जमवायची सक्ती असती, तर या बापाला दिग्दर्शकाने इतक्या लवकर जाऊ दिलं असतं का, याची मला शंका आहे.