पाण्यामागून आलेलं भांडवल

बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या पियाजिओची ‘ॲपे’ रिक्षा बनते, 2012 पासून व्हेस्पा स्कूटरही बनते. चॉकलेटवाल्या फेरेरोचा कारखानाही इथलाच. परकी गुंतवणूक आली की मागास भाग वर येतो, असं म्हणणारे हा दाखला हमखास देतात. मला तो उलटा वाटतो.

या कंपन्यांच्या कितीतरी आधी, इंग्रजी अमदानीत, नीरा डावा कालवा आला. कालव्यावर ऊस आला आणि 1950च्या दशकात माळेगाव बुद्रुकला शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मागोमाग दूध, पतपुरवठा, शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र, कॉलेजं आणि मुंबईत शब्द चालणारं नेतृत्व. एवढी ओल असलेल्या जागी परकी भांडवल रुजलं. त्याच तालुक्यातला सुप्याकडचा जिराईत पट्टा दुष्काळी वर्षांत टँकरवर जगतो. चीनमध्येही 1980 साली परकी भांडवलासाठी शेन्झेन निवडलं गेलं ते हाँगकाँगला खेटून होतं म्हणून; आतल्या प्रांतांतली माणसंच कामासाठी किनाऱ्याकडे गेली.

आपल्याकडे 1984च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजला, पण जिल्हा हे एकक धरून. पुणे जिल्हा पुढारलेला ठरला की त्याच्या पोटातली जिराईत गावं हिशेबातून निसटतात.

सारा दोष परक्यांच्या माथी मारणंही मला पटत नाही. साखर कारखान्यात सभासदाला एक मत आहे, वार्षिक सभेत उसाच्या दरावरून तो अध्यक्षांना धारेवर धरू शकतो. कंपनीचे मोठे निर्णय सातासमुद्रापार होतात, तिथे त्याचा आवाज पोचत नाही. हा फरक मोठा आहे. पण गाळप हंगामात उसाच्या पट्ट्यात पडलेल्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या बघा. मुकादमाकडून उचल घेऊन बीडकडून आलेलं जोडपं, म्हणजे हिशेबातला एक ‘कोयता’, पहाटेच्या थंडीत फडात उतरतं, लेकरू बांधावर. या जोडप्याला कारखान्याच्या सभेत मत नाही. मालकीचा हक्क आपण ऊसवाल्याच्या बांधापर्यंतच नेला. कंपन्यांच्या दारातला कंत्राटी कामगारही त्याच वाटेने, हक्काबाहेरच राहून आला आहे.

गुंतवणुकीच्या करारावर सह्या होतात तेव्हा किती कोटी आणि किती नोकऱ्या, एवढंच छापून येतं. त्यातल्या कायम किती, कंत्राटी किती आणि जिराईत गावांतल्या पोरांना किती, हे आकडेही त्याच कागदावर, सहीच्या वर लिहिलेले हवेत.