अर्ज कुणी कुणाला करायचा?

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर एका गाडीचा टायर फुटला. मी आणि माझा जोडीदार साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो होतो. आवाज झाला आणि साठी ओलांडलेला हा माणूस बाकड्याखाली पालथा. दोन्ही हात डोक्यावर. बराच वेळ उठेना. शेजारची पोरं हसली. एक जण म्हणाला, 'म्हाताऱ्यानं सकाळीच लावलेली दिसते.' माझा जोडीदार दारूला शिवत नाही.

मग गाडी लागली. मला डावा पाय गुडघ्याखाली नाही. ते बघितल्यावर त्याच पोरांनी वाट करून दिली. 'या आजोबा, पुढं बसा.' पोरं वाईट नव्हती. त्यांना एक जखम दिसली, एक दिसली नाही.

आम्ही दोघं एकाच पलटणीतले. महार रेजिमेंट. १९८७ साली शांतिसेना म्हणून आम्हाला श्रीलंकेत नेलं. शांती कसली? समोर बंदूक घेतलेली पोरंही आमच्यासारखीच गरिबाघरची होती, हे तेव्हा कळत होतं, पण वळत नव्हतं. एकाच सुरुंगानं आम्हा दोघांना उडवलं. माझा पाय गेला. त्याचं काय गेलं ते दिसत नाही. एवढाच काय तो फरक. पण या फरकावर दोन आयुष्यं उभी राहिली, म्हणून दोस्तहो, हे लिहायला बसलो.

माझं सगळं सरळ झालं. इस्पितळातून मला गोळीबार मैदानाजवळच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाठवलं. १९४४ सालापासूनची ही लष्कराची संस्था. स्वारगेटवरून शंकरशेट रोडनं चालत गेलं तरी येते. तिथं मी नव्या पायावर चालायला शिकलो. कागदावर 'लढाईतली जखम' असं पडलं आणि पेन्शन सुरू झाली. पाय नाही हे मला कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

तो मात्र अंगानं धड परत आला. रात्री झोप नाही. पहाऱ्यावर उभा केला की थरथरायचा. झाडाच्या सावलीवर बंदूक रोखायचा. दोनेक वर्षांनी त्याला मेडिकल बोर्डापुढं उभं केलं. बोर्डानं लिहिलं ते थोडक्यात असं : माणूस नोकरीला लायक नाही. पण हे दुखणं त्याच्या मूळ स्वभावातलंच. नोकरीमुळं झालेलं नाही, नोकरीनं वाढलेलंही नाही. झालं. ट्रंक उचलून तो घरी आला आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोती उचलायला लागला.

यातला हिशेब तुम्हाला ठाऊक असावा. शंभर टक्के अपंगत्व धरलं, तर लढाईतल्या जखमेबद्दल शेवटच्या पगाराइतका हिस्सा मिळतो. दुखणं लढाईतलं नाही पण नोकरीमुळंच झालंय असं ठरलं, तर पगाराच्या ३० टक्के. टक्के उतरले की दोन्ही रकमा उतरतात. आणि नोकरीशी संबंधच नाही असं ठरलं, तर त्या हिश्श्याचा एक पैसाही नाही. म्हणजे जखमांचीसुद्धा उतरंड आहे. वर लढाईतली जखम, मध्ये नोकरीतली, आणि तळाला ज्याचं डोकं फिरलं तो.

बाबासाहेबांनी आपल्याला श्रेणीबद्ध विषमता समजावून सांगितली. तिची खरी मेख अशी की प्रत्येक पायरीवरच्याला खाली बघायला कुणीतरी मिळतं. मी वरच्या पायरीवर होतो. आणि मी खाली बघितलं.

घरी आल्यावर काही महिन्यांनी तो माझ्याकडं आला होता. म्हणाला, 'गड्या, बोर्डाविरुद्ध अर्ज करतोय. स्फोटात मीबी होतो एवढं लिहून दे.' मी त्याला काय म्हणालो? 'तुझे हातपाय तर धड आहेत. कशाला भीक मागत फिरतोस?' मी हे म्हणालो. कुठल्या साहेबानं नाही, कुठल्या कारकुनानं नाही. चौदा एप्रिलला मिरवणुकीच्या पुढं छातीवर मेडल लावून चालणाऱ्या मी. त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि तीसेक वर्षं पोती वाहिली. अर्जाचं नाव पुन्हा काढलं नाही.

भीक. हा शब्द माझ्या तोंडात कुठून आला? स्वाभिमानातून आला, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता नीट तपासतो तेव्हा तो शब्द गावातला दिसतो.

आपल्या आज्यापणज्यांनी गावची कामं केली. सांगावे नेले, मेलेलं ढोर ओढलं, सरकारी सारा पोचवला, रात्री गस्त घातली. त्याचं बलुतं म्हणजे मजुरी होती. केलेल्या कामाचा दाम होता. मग ती भीक कशी झाली? काम बदललं नाही, धान्यही तेच. पण घ्यायला जायचं कुणाच्या दारात? देणाऱ्याच्या. किती द्यायचं, कसलं द्यायचं, आज द्यायचं की उद्या, हे ठरवणार कोण? देणाराच. ज्याच्याकडून येणं आहे तोच जेव्हा न्यायाधीश होऊन बसतो, तेव्हा हक्काची भाकरीसुद्धा भीक होते. मागणाऱ्याच्या हातात खोट नसते. खोट असते ती दाराच्या रचनेत.

बाबासाहेबांनी हे अचूक ओळखलं होतं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. बलुत्याऐवजी गावाकडून पैशाच्या रूपानं कर घ्या, तो साऱ्याबरोबर वसूल करा, आणि महाराला त्याचं वेतन सरकारातून द्या, असा त्याचा गाभा. 'मागू नका' असं त्यांनी सांगितलं नाही. ते दारच बदला म्हणाले.

आणि आपल्या चळवळीची सुरुवात आठवा. गोपाळबाबा वलंगकर कोण? फौजेतले पेन्शनर. रामजी सुभेदार कोण? फौजेतले पेन्शनर. गावच्या दारातून न येणारा पैसा ज्यांच्या हातात पहिल्यांदा पडला, त्यांच्यातून आपले पहिले लिहिणारे उभे राहिले. आणि त्यांनी काय लिहिलं? अर्जसुद्धा लिहिले. महारांची सैन्यभरती बंद झाल्यावर वलंगकरांनी विनंतीपत्र लिहिलं. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळेंनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्याकडं अर्ज धाडला. आज कुणी म्हणेल, अर्जविनंत्यांची भाषा मवाळ होती. असेल. पण पेन्शन आणि अर्ज या दोन गोष्टींना भीक म्हणणाऱ्याला आपला इतिहास ठाऊक नाही. मला ठाऊक नव्हता.

आता दुसरा प्रश्न. पुरावा कुणी द्यायचा?

'दाखव, कुठं लागलंय?' हे वाक्य तुम्हाला नवं नाही. कॉलेजात, हापिसात रोज ऐकता. 'आता कुठं राहिलीय जात? दाखवा.' रक्त दिसत नाही तोवर जखम नाही. आणि ज्याला लागलं त्यानंच सिद्ध करायचं, तेही ज्यानं मारलं त्याच्या पुढं. फौजेतलं हे 'मूळ स्वभावातलंच' वाचलं की मला शाळेतले मास्तर आठवतात. तुमच्यात उपजतच नाही, म्हणायचे. माणूस मोडला की दोष त्याच्या जन्मात शोधायचा, ही युक्ती फार जुनी आहे.

हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेनं तोफांच्या माऱ्यानं खचलेल्या शिपायांनाही भेकड आणि पळपुटे ठरवून गोळ्या घातल्या. अशा आणि इतर आरोपांखाली मारलेल्या ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ साली. अमेरिकेत व्हिएतनामहून आलेल्यांच्या या दुखण्याला डॉक्टरांच्या अधिकृत यादीत जागा मिळाली १९८० साली. आजार नवा नव्हता. ऐकणारे नवे होते.

आपल्या सुप्रीम कोर्टात २०१३ साली धरमवीर सिंग या शिपायाच्या खटल्याचा निकाल लागला. १९८५ ला भरती, १९९४ ला फेफऱ्याच्या आजारावर घरी, अपंगत्व २० टक्के, आणि कागदावर तेच : नोकरीशी संबंध नाही. कोर्टानं जे म्हटलं त्याचा अर्थ असा. भरतीच्या वेळी तुमच्याच डॉक्टरांनी हा माणूस तपासून धडधाकट म्हणून घेतला. तेव्हा आजाराची नोंद नाही. मग तो आजारी होऊन बाहेर पडला, तर आजार नोकरीमुळं आला असंच धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल, तर सिद्ध तुम्ही करा. शंकेचा फायदा शिपायाला.

हा कायद्याचा मुद्दा आहे तसाच नीतीचाही. माणूस तुमच्या ताब्यात धड आला आणि मोडून बाहेर पडला, तर जाब तुम्ही द्यायचा. हे फौजेला लागू आहे. पोलीस कोठडीला लागू आहे. वसतिगृहाला, गटारात उतरवलेल्या सफाई कामगाराच्या मुकादमालाही लागू आहे.

खोटे अर्ज करणारे असतात की, असं कुणी म्हणेल. असतात. खोटा अर्ज करणारा खऱ्या जखमीचंच खातो, त्याची गय नको. २०२३ साली सरकारनं नियम बदलले तेव्हा दुरुपयोग रोखण्याचंच कारण सांगितलं. माजी सैनिकांच्या संघटनांनी विरोध केला. माझं म्हणणं इतकंच, चाळणी बारीक केली की आधी कोण अडकतं ते बघा. ज्याला कागद कळतो, ज्याच्या ओळखी आहेत, तो निसटतो. अडकतो तो मार्केट यार्डातला हमाल. शंभरातले काही चोर आहेत म्हणून उरलेल्यांना चोर धरायचं, हा न्याय गुन्हेगार जमाती ठरवणाऱ्या इंग्रजांचा होता.

आणि हे फक्त म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं नाही. २०२२ पासून आपल्या वस्त्यांतली पोरं अग्निवीर म्हणून जातायत. ४ वर्षांची नोकरी. पेन्शन नाही. नोकरीमुळं अपंगत्व आलं, तर एकरकमी पैसे : १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. पण अट तीच. नोकरीमुळं आलेलं असलं पाहिजे. म्हणजे बाकड्याखाली पालथं पडणारी पोरं उद्याही असणार, आणि त्यांना हसणारीही.

मुरलीकांत पेटकरांना १९६५ च्या लढाईत गोळ्या लागल्या, १९७२ साली त्यांनी अपंगांच्या ऑलिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण पदक न आणणाऱ्या मोडक्या माणसाचं काय? एक जानेवारीला आपण कोरेगावच्या स्तंभापुढं मान झुकवतो. मेलेल्या शूरांना मान देणं सोपं असतं. ते अर्ज घेऊन दारात येत नाहीत.

त्या दिवशी साताऱ्याच्या गाडीत मी त्याला म्हणालो, 'मी तेव्हा चुकलो. आता लिहून देतो.' तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. कात्रजचा बोगदा गेल्यावर म्हणाला, 'आता काय उपयोग?' पैशाचा उपयोग किती, मला माहीत नाही. पण 'मूळ स्वभावातलंच' हा शिक्का घेऊन त्यानं मरू नये. वहिनींनी पत्र्याच्या पेटीतून डिस्चार्ज बुक काढलं. त्यात ती जुनी घडी अजून होती.

बोर्डाचे कागद आम्ही माहितीच्या अधिकारात मागितलेत. माझी साक्ष जोडलीय. नकार आला तर अपील, आणि पुढं मुंबईचं सैन्य न्यायाधिकरण. उत्तर अजून आलेलं नाही.

दोस्तहो, भाषणं तुम्ही चांगली करता. आता एक करा. आपल्या वस्तीत रविवारी एक टेबल मांडा. फौजेतून आलेल्या प्रत्येकाचे कागद वाचा. अंगानं धड दिसणाऱ्याचे आधी वाचा. त्याच्याबरोबर कोण होतं ते शोधा आणि त्याला साक्ष द्यायला लावा. तो टाळाटाळ करायला लागला, तर त्याला माझी गोष्ट सांगा.

जयभीम.