समाधानाची साक्ष

मराठी संतपरंपरेत 'समाधान' या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. सावता माळ्याच्या चरित्रात मळ्यातील श्रम आणि विठ्ठलभक्ती यांत अंतर उरत नाही. 'दासबोधा'त समाधान हे साधनेचे फळ ठरते. हाच शब्द श्रमबाजाराच्या पाहणीत 'कामातील समाधान' म्हणून येतो, तेव्हा मात्र तो नेमकी कशाची साक्ष देतो, हे तपासावे लागते.

मोबाइलवरील अ‍ॅपच्या आधारे घरोघर जेवण पोचवणारा तरुण कित्येकदा समाधानी असल्याचे सांगतो. डोक्यावर मुकादम नाही, वेळ आपल्या हाती आहे, असे तो म्हणतो. मजूरनाक्यावर ताटकळण्यापेक्षा हे काम त्याला मोकळे वाटत असेल, तर त्या अनुभवाला खोटे ठरवण्याचा अधिकार विचारवंतांना नाही.

परंतु या समाधानाने व्यवस्थेचे न्याय्यत्व सिद्ध होते काय? दीर्घकाळ वंचित राहिलेला माणूस आपल्या इच्छाच परिस्थितीच्या मापाने बेतून घेतो, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे. शिवाय येथे मुकादम केवळ अदृश्य झालेला असतो. ऑर्डर कोणाला द्यायची आणि तिचा मोबदला किती, हे अ‍ॅप ठरवते. ऑर्डर नाकारल्या तर इन्सेन्टिव्ह हातचा जाऊ शकतो. आयडी बंद झाला तर दाद कोणाकडे मागावी, हे उमगत नाही.

भारतात २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग कामगारा'ला कायद्यात स्थान दिले. पण त्याची व्याख्या मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा कामगार अशीच केली. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरच्या चालकांविषयी निर्णय देताना करारातील शब्दांपेक्षा प्रत्यक्ष नियंत्रण कोणाचे आहे, हे पाहिले. चालक समाधानी आहेत की नाहीत, यावर तो निर्णय अवलंबून नव्हता. राजस्थानच्या २०२३ च्या कायद्याने अशा कामगारांना तक्रार मांडण्याची वाट दिली, तिचे नैतिक महत्त्व येथेच आहे.

कारण ज्याला असमाधान व्यक्त करता येते आणि त्यापायी रोजी गमवावी लागत नाही, त्याच्याच समाधानाला साक्षीचे मोल येते. तोवर कामगाराचे समाधान हे त्याचे स्वतःचे बळ आहे. त्याकडे बोट दाखवून कंपनीला किंवा दारात जेवण घेणाऱ्या आपल्याला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.