वेतनी गुरूचे ऋण

गेल्या फाल्गुनात माझ्या बदलीचा हुकूम आला. केंद्र सरकारच्या नोकराला बदलीचे नवल ते काय! हुकूम हाती पडला की त्याचे मन प्रवासभत्त्याच्याही आधी ‘नो ड्यूज’च्या दाखल्याकडे धावते. ग्रंथालयाची पुस्तके, पतपेढीचे कर्ज, सरकारी घराची किल्ली, विजेचे बिल, या साऱ्यांपुढे ज्याच्या त्याच्या सह्या पडल्या म्हणजे माणूस त्या गावातून ऋणमुक्त होऊन बाहेर पडतो, अशी आमची समजूत असते. मीही रीतसर यादी केली आणि घरगुती देण्यांत शेवटची बाब लिहिली : मुलीच्या नृत्यशिक्षिकेची फी.

बडोद्यास आम्ही सहा वर्षे होतो. त्यांतली चार वर्षे मुलगी भरतनाट्यम् शिकत होती. तिच्या बाई सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयात, म्हणजे आजच्या परिभाषेत महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित प्रयोगकलांच्या विद्याशाखेत, नृत्याची पदवी घेतलेल्या. मी गेलो तेव्हा त्यांनी वही उघडून पाहिली आणि म्हणाल्या, “आपली फी मार्चअखेरपर्यंत पोचली आहे. काही बाकी नाही.” वर पावतीही फाडून दिली. मी ती खिशात घातली, नमस्कार केला आणि जिना उतरलो. खाली रस्त्यावर येईतो मला वाटू लागले की, आजवर गोळा केलेल्या सर्व दाखल्यांत हा एकच खोटा आहे. बाई खोटे बोलल्या नव्हत्या, मी एक पैसाही बुडविला नव्हता; आणि तरीही दाखला खोटा होता. हे कसे, याचा विचार तेव्हापासून सुटलेला नाही.

विद्येचा मोबदला पैशाने द्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाला कोणास बोलावू नये याची लांबलचक यादी आहे. तीत चोर आणि जुगारी यांच्या पंगतीस वेतन घेऊन शिकविणारा आणि वेतन देऊन शिकणारा असे दोघेही बसविले आहेत. त्या न्यायाने माझी मुलगी आणि तिच्या बाई दोघीही पंगतीबाहेर. आणि फी भरणाऱ्या बापाची सोय कोठे लावली आहे, हे मी मुद्दाम पाहिले नाही. परंतु ज्या काळी शिष्य गुरूघरची गुरे राखीत असे, त्या काळी गुरूला घरभाडे द्यावे लागत नव्हते, हेही विसरून चालत नाही.

कालिदासाला हा पेच अधिक माणुसकीने कळला होता. ‘मालविकाग्निमित्रा’त गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य आहेत, आणि दोघेही राजाचे पगारी नोकर आहेत. विदूषक तर निर्लज्जपणे सुचवितो की, यांची झुंज एकदा पाहून घ्यावी, नाहीतर यांना फुकट पगार कशासाठी द्यायचा? आणि त्याच अंकात गणदास, ज्याची विद्या केवळ पोटापुरती आहे अशाला ज्ञानाचा वाणी ठरवितो. स्वतः पगार खाणारा मनुष्य हे बोलतो, यात मला ढोंग दिसत नाही. पगार घेणे निराळे आणि विद्या पगारापुरती ठेवणे निराळे, हा भेद त्याच्या मनात स्पष्ट आहे. परिव्राजिका निवाड्यासाठी जे तत्त्व मांडते तेही असेच मार्मिक आहे. काहींची कला स्वतःच्या अंगी खुलते, काहींची दुसऱ्याच्या अंगी उतरविण्यात. ज्याला दोन्ही साधते त्याला शिक्षकांत पहिला मान. (तो सारा सामना वस्तुतः राजाला मालविका दिसावी म्हणून रचलेला असतो, ही गोष्ट वेगळी. शिष्येची कला भलत्याच कामी लावणारे आश्रयदाते कालिदासाने पुरते ओळखले होते.)

बडोद्यात राहणाऱ्या मराठी माणसाला तर या प्रश्नाचा इतिहास घराजवळच सापडतो. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह तंजावरच्या मराठा राजघराण्यातील लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी, झाला. त्या संबंधातून तंजावरच्या नर्तकी बडोद्यास आल्या. त्यांत गौरा आणि कांतिमती यांची नावे आजही घेतली जातात. लग्नाच्या आंदणात माणसे यावीत हे आज ऐकताना कसेसेच वाटते. परंतु येथे आल्यावर त्या दरबारच्या कलावंत कारखान्यात दाखल झाल्या. ‘कारखाना’ हा शब्दच बोलका आहे : गवई, बीनकार, नर्तकी ही संस्थानची नोकर माणसे, त्यांना पगार, त्यांना रजा, त्यांना नियम. १८८६ साली मौलाबक्ष यांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली, १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले, आणि लवकरच नृत्य हा पदवीचा विषय झाला. कलाक्षेत्रात शिकलेले मोहन खोकर विभागाचे पहिले प्रमुख होते. कांतिमतींचे पुत्र कुबेरनाथ तंजावूरकर हेही तेथे अध्यापक झाले.

या शेवटच्या वाक्यापाशी थोडे थांबणे मला अवश्य वाटते. विद्यापीठाने नृत्याचा दरवाजा सर्वांना उघडला, असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि ते खरेच आहे. माझ्यासारख्या कारकुनाच्या मुलीला आज जो अडवू विनासायास शिकता येतो, तो शंभर वर्षांपूर्वी तिला शिकता आला नसता; शिकती तर आमच्या घराला वाळीत पडावे लागते. पण तोच दरवाजा दुसऱ्या बाजूने पुष्कळांच्या तोंडावर लागला. १९४७ साली मद्रास इलाख्यात देवदासींच्या समर्पणाला बंदी करणारा कायदा झाला. एका अमानुष प्रथेचा अंत झाला, याविषयी दुमत असू नये. परंतु ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या सांभाळली त्यांतील बहुतेकींना नव्या व्यवस्थेत ना अध्यापकाची खुर्ची मिळाली, ना वेतनश्रेणी. विद्या आपण घेतली, घर बदनाम म्हणून सोडून दिले. कुबेरनाथांना विद्यापीठात जागा मिळाली हा अपवाद होता आणि तो बडोद्याला भूषणावह आहे. पण अपवादांनी हिशेब मिटत नाही. ज्यांना आपण फी कधी दिलीच नाही अशा गुरूंचे देणे कोणत्या यादीत लिहावयाचे?

आता ज्या गृहस्थांच्या चरित्रामुळे मला हा विषय लिहावासा वाटला त्यांच्याकडे वळतो. प्राध्यापक सी. व्ही. चंद्रशेखर १९८० पासून १९९२ पर्यंत बडोद्याच्या या विद्याशाखेत होते. नृत्यविभागाचे प्रमुख आणि विद्याशाखेचे अधिष्ठाता म्हणून त्यांनी काम केले. त्यांचा जन्म १९३५ सालचा, सिमल्याचा. (सिमला म्हणजे आमच्या जातीच्या लोकांचे जुने तीर्थक्षेत्र, दर उन्हाळ्यात फायलींसकट सरकार तेथे चढत असे.) बालपणीच ते मद्रासला रुक्मिणीदेवींच्या कलाक्षेत्रात दाखल झाले. मुलाने भरतनाट्यम् शिकावे ही त्या काळी जवळजवळ न ऐकलेली गोष्ट. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातून त्यांनी वनस्पतिशास्त्राची एम्. एस्सी. पदवी घेतली, आणि तेथेच नृत्याचे अध्यापनही केले. म्हणजे ज्या विषयाची विद्यापीठीय पदवी त्यांच्याजवळ होती तो त्यांनी व्यवसाय केला नाही. ‘शैक्षणिक अर्हता’ या रकान्यावर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला यात एक गुप्त समाधान वाटते.

सेवापुस्तिकेच्या भाषेत बोलायचे तर बडोद्यातील त्यांची नोकरी बारा वर्षांची. अधिष्ठात्याचे काम म्हणजे काय हे सरकारी नोकराला समजावून सांगण्याची गरज नाही : वेळापत्रक, प्रवेश, परीक्षा, खरेदीच्या मागण्या, बैठकांची कार्यवृत्ते. या कामाबद्दल पगार मिळतो आणि त्याबद्दलच मिळतो. ‘ऋतुसंहार’ भरतनाट्यमात बसवावे, ‘मेघदूत’ बसवावे, ‘पंचमहाभूतम्’, ‘भूमिजा’, ‘अपराजिता’ यांसारख्या रचना कराव्यात, असे कोणत्याही सेवानियमात लिहिलेले नसते. नृत्याला लागणारे संगीत जाणण्यात आणि रचण्यात त्यांची ख्याती होती. तेही नियमांत नसते. नोकरीनंतर ते चेन्नईला स्थायिक झाले. १९९३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०११ साली पद्मभूषण मिळाले. सत्तरी ओलांडल्यावरही ते रंगमंचावर उभे राहिले आणि पत्नी जया व कन्या यांच्यासह नाचले. २०२४ च्या जूनमध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, ते गेले. एवढ्या दीर्घ जीवनातील बडोद्याच्या नोकरीची वर्षे बारा. परिव्राजिकेने ज्याला पहिला मान दिला तो हाच मनुष्य : ज्याच्या अंगीही कला होती आणि दुसऱ्याच्या अंगी ती उतरविण्याची हातोटीही होती. ‘ऋतुसंहारा’तील वेली आणि वृक्ष वनस्पतिशास्त्रज्ञाच्या डोळ्यांना कसे दिसले असतील, अशी एक कल्पना मनात येते, ती कल्पनाच आहे, म्हणून येथेच सोडतो.

असे चरित्र पाहिले म्हणजे एक मोह होतो. म्हणावेसे वाटते की, पगार हा केवळ निमित्त, खरी गोष्ट निष्ठा. कलावंताला पैशाची काय पर्वा! या मोहापासून मी जपून असतो. गेली तेरा वर्षे वेतनाची बिले तपासण्याचे काम करीत असल्यामुळे असेल, पण कोणी शिक्षकाच्या कामाला ‘व्रत’ म्हटले की माझी नजर त्याचा पगार किती महिने थकला आहे याकडे जाते. स्तुती ही पुष्कळदा थकबाकी लपविण्यासाठी केलेली असते. कांतिमतींच्या जगाने कलेची तारीफ काय थोडी केली?

शिवाय, वेतनामुळे शिष्याला मिळालेले एक स्वातंत्र्यही आहे आणि त्याची जाणीव आम्हांला फार उशिरा झाली. जुन्या व्यवस्थेत गुरू प्रसन्न झाला तर सर्वस्व देई. न झाला तर बारा वर्षे पाणी भरून घेऊन दाराशी बसवी. कोणाला द्यायचे, किती द्यायचे, याला त्याच्या लहरीखेरीज मोजमाप नव्हते. विद्यापीठाचा अभ्यासक्रम रुक्ष असतो, हे मान्य. परीक्षक अडवू मोजतो, ताल मोजतो, ‘नाट्यशास्त्रा’वरील उत्तराला गुण देतो, एखाद्या पदमात मुलीच्या डोळ्यांत जे क्षणभर उमटून गेले त्याला रकाना नसतो. पण ज्याला रकाना आहे ते तरी प्रवेश घेतलेल्या प्रत्येकीला मिळालेच पाहिजे, लाडक्या शिष्येइतकेच दोडकीलाही, ही सक्ती त्या रुक्षपणातच आहे. समतेला थोडी कोरड पडतेच.

मग बाकी काय राहिली? माझ्या मते घोटाळा होतो तो येथे, की आपण फीला विद्येची किंमत समजतो. फी ही विद्येची किंमत नव्हे; ती शिकविणाऱ्या माणसाला उभे राहता यावे एवढ्याची तरतूद आहे. म्हणूनच ती वेळेवर आणि पुरेशी दिली पाहिजे, आणि म्हणूनच ती दिल्याने विद्येचे देणे फिटत नाही. आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण म्हणून जे वेगळे काढले त्याची फेड ऋषीला करावयाची नसतेच. शिकून आणि पुढे शिकवून ती करावयाची असते. चंद्रशेखरांनी कलाक्षेत्रात घेतलेले बडोद्यात दिले, ते कलाक्षेत्राला परत मिळाले नाही. माझ्या मुलीच्या बाईंना सूरसागरासमोर मिळाले ते एका बदलीच्या कारकुनाच्या मुलीकडे आले. हे येणे-देणे धनकोच्या नावावर कधी जमा होतच नाही. आणि जे देणे ज्याचे त्याला देताच येत नाही त्याच्या खाली सही कोण करणार?

तरीही माझे पूर्ण समाधान झालेले नाही, हे प्रांजळपणे सांगतो. हा युक्तिवाद मुलीसाठी ठीक आहे, ती उद्या कोणाला शिकवील. मी कोणाला काय शिकविणार? मी तर कॉलेजात असताना सुरू केलेली पेटी पहिल्या नेमणुकीच्या वेळी मोठ्या भावाकडे ठेवली, ती तेथेच राहिली. ज्या मास्तरांनी मला अलंकार घोकवून घेतले त्यांची फीसुद्धा शेवटच्या दोन महिन्यांची राहिली होती. पुढे ते निवर्तल्याचे पत्राने कळले. तेथे दोन्ही हिशेब उघडे आहेत, रोखीचाही आणि दुसराही. बाईंच्या जिन्यावरून उतरताना मला जो दाखला खोटा वाटला तो कदाचित त्यांनी दिलेला नसेल.

बाईंच्या त्या वाक्याकडे आता मी थोडा निराळा पाहतो. “काही बाकी नाही,” असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांनी कदाचित मुलीला मोकळे केले असेल. मुलीने पाठवणीच्या दिवशी त्यांच्या पायांवर डोके ठेवले, तेव्हा बाईंनी तिला उठवून एवढेच विचारले, “तिकडे जमीन कशी आहे? फरशी असली तर सतरंजी घाल, टाचा दुखतील.”

शिलाँगला आम्हांला दोन खोल्यांचे सरकारी घर मिळाले आहे. जमीन लाकडी आहे, आणि ती पाय आपटला की खालच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जाते. त्यांना मी जाऊन भेटलो. संध्याकाळी सहा ते सात आपली हरकत नाही, असे ते म्हणाले. सामान लावताना मी मोठी ट्रंक खिडकीखाली सरकवू लागलो, तेव्हा मुलीने ती जागा पावलांनी मोजून दाखविली आणि ट्रंक आमच्या खाटेखाली गेली.