राखीव गडी

दिवाळीला आजीने दिलेले पैसे कशात घालावे, असा प्रश्न गेल्या वर्षी आमच्या मुलीपुढे पडला. फटाक्यांवरचे तिचे मन केव्हाच उडाले होते आणि कपडे तर आम्ही घेतलेच होते. तिला हवा होता एक खेळ. मोबाईलवर खेळायचा, आणि तोही जपानी. त्या देशाने या खेळांची एक कुळीच निर्माण केली आहे. चार-पाच जणांची टोळी करावी, गावोगाव हिंडावे, भुयारे धुंडाळावी, राक्षसांशी झुंजावे आणि जगावर आलेले अरिष्ट दूर करून घरी परतावे, असा त्यांचा साधारण घाट असतो. महिनाभर पुरणारी ती एक कादंबरीच म्हणा ना!

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून सल्ल्यासाठी तिने मलाच धरले. "बाबा," ती म्हणाली, "एकाच मालिकेतले दोन आहेत. एकात सोबती खेळच देतो. दुसऱ्यात ते आपणच तयार करायचे. कोणता घेऊ?"

प्रश्न तिने सहज विचारला. पण माझ्यासारख्या रिकामपणी विचार करीत बसणाऱ्या माणसाला तो दोन दिवस पुरला. आपल्या वाट्याला आलेली माणसे बरी, की आपण पारखून घेतलेली? संसारात दोन्ही प्रकार असतात. भावंडे, काका, आत्या ही वाट्याला येतात. मित्र आपण निवडतो, निदान तशी आपली समजूत असते. आणि म्हातारपणी जवळ कोण उरते हे पाहू गेले, तर दोन्ही पक्षांची बाजू सारखीच लंगडी ठरते!

मालिकेचे नाव 'ड्रॅगन क्वेस्ट'. युजी होरी या गृहस्थाने ती रचली आणि पहिला खेळ १९८६ साली जपानात निघाला. त्यात नायक एकटाच. १९८७ च्या दुसऱ्या खेळात तिघे झाले, दोन राजपुत्र आणि एक राजकन्या. तिघेही एकाच वीराच्या वंशातले, म्हणजे भाऊबंदच. त्यांतला एक राजपुत्र तर अस्सल नातलग! त्याला न्यायला जावे तर तो आपल्यालाच शोधायला बाहेर पडलेला. तिकडे जावे तर तिथूनही निघून गेलेला. शेवटी तो एका गावच्या धर्मशाळेत स्वस्थ बसलेला सापडतो. असला सोबती कुणी निवडून घेतला असता काय? पण तो दिलेला असतो, आणि त्याला घेऊनच पुढे जावे लागते.

१९८८ च्या तिसऱ्या खेळात होरींनी ही भाऊबंदकी मोडली. नायकाच्या सोळाव्या वाढदिवशी आई त्याला राजाकडे नेते, आणि राजा त्याला सोबती मिळवण्यासाठी गावातल्या एका मद्यगृहात धाडतो. मूळ जपानीत ते रुईदा नावाच्या बाईचे मद्यगृह. तिथे आपण सांगू ती माणसे तयार होतात. योद्धा हवा, की मुष्टियोद्धा? जखमा बऱ्या करणारा पुरोहित, की आग बरसणारा मांत्रिक? की व्यापारी? धंदा सांगावा, नाव द्यावे, की माणूस हजर. नायक धरून चौघांची टोळी; बाकीचे मद्यगृहात थांबतात. न कुरकुरता, न म्हातारे होता, बोलावणे येईपर्यंत ते तिथे थांबलेले असतात. १९८७ साली निघालेल्या 'फायनल फॅन्टसी' या दुसऱ्या एका खेळात सहा प्रकारच्या माणसांतून आरंभीच चौघे निवडावे लागत, आणि एकदा निवडले की शेवटपर्यंत तेच. तो विवाह झाला. रुईदाकडे विवाह नाही, रोजंदारी आहे.

"तिसराच घे," मी म्हटले. पारखून घेतलेली माणसे बरी, असा माझा त्या वेळचा कौल होता.

मुलीने टोळी जमवली. नायिका अर्थात ती स्वतः. योद्धा म्हणून आत्या, कारण आत्याचा आवाज मोठा. पुरोहित आजी, कारण ती पाय चेपून देते. आणि व्यापारी मी! "घरात हिशेब तुम्हीच लिहिता ना?" हे तिचे कारण. शाळामास्तराला कुणी व्यापारी म्हणावे, असा योग आयुष्यात वारंवार येत नाही. मी ते मुकाट्याने मान्य केले.

त्या मद्यगृहात आणखी एक जात मिळते. जपानीत तिला 'आसोबिनिन' म्हणतात. आपल्याकडे शब्द आहे उनाड. लढाई ऐन रंगात आली की हा भलतेच चाळे करतो, विनोद सांगतो. कामाचे नाव नको. पण हाच उनाड विसाव्या पायरीवर पोचला की थेट ऋषी होऊ शकतो. इतरांना ऋषी व्हायला 'साक्षात्काराचे पुस्तक' नावाचा दुर्मीळ ग्रंथ मिळवावा लागतो. उनाडाला तो लागत नाही. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. वीस वर्षे मागच्या बाकांवरच्या मुलांकडे पाहत आलेल्या मास्तराला याहून गोड बातमी कोणती? आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग ध्यानात आले की, हे गुपित जो तो खेळाडू जाणतो. उनाडाला एकोणीस पायऱ्या पोसतात ते त्याच्या विनोदांसाठी नव्हे, पुढे निघणाऱ्या ऋषीसाठी. ती माया नव्हे, मुदतठेव आहे. वर्गात मी तरी काय करतो? "हा पोरगा आज मठ्ठ दिसतो, पण पुढे चमकेल," असे आम्ही मोठ्या कौतुकाने म्हणतो. जो पुढेही चमकणार नाही, त्याच्यासाठी आमच्यापाशी काय वाक्य आहे?

पण मला सांगायची आहे ती गोष्ट व्यापाऱ्याची.

त्या खेळातल्या जगाचा नकाशा आपल्या पृथ्वीच्या नकाशावर बेतलेला आहे. त्यात जिथे अमेरिकेचा पूर्व किनारा यावा, तिथे ओसाड जागेवर एक म्हातारा एकटाच उभा असतो. त्याला तिथे गाव वसवायचे आहे, आणि त्यासाठी व्यापारी हवा आहे. आपल्या टोळीतला व्यापारी त्याला द्यायचा. द्यायचा म्हणजे तिथेच सोडून पुढे निघून जायचे. पर्याय नाही. कथेला सहा रत्ने लागतात, आणि त्यांतले पिवळे रत्न या गावाशिवाय मिळत नाही. मागाहून फिरून यावे, तर एक घर, मग पेठ, मग झगमगाट असे गाव वाढत जाते. व्यापारी मोठा होतो आणि माजतो. लोकांना राबवून घेतो. एक दिवस लोक उठतात आणि त्याला तुरुंगात टाकतात. तिथे आपण त्याला भेटलो की तो सांगतो, माझ्या आसनामागे शोधा. तिथे ते रत्न असते. आपण ते घेतो आणि पुढच्या कामाला लागतो.

मुलगी त्या म्हाताऱ्यापर्यंत पोचली त्या रात्री जेवायलाही उठेना. "मी बाबांना इथे सोडणार नाही," एवढेच म्हणत होती. तिची आई हसू लागली. खरे सांगायचे तर मला गहिवरून आले.

दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मैत्रिणीने तिला तोड सांगितली. रुईदाकडे परत जावे, एक नवा व्यापारी करावा, त्याला काहीही न शिकवता, अंगावर धड कपडेही न देता तिकडे न्यावे आणि सोडून यावे. हा खेळ खेळणारे पुष्कळ जण तसेच करतात म्हणे. मुलीने तसे केले.

"नाव काय दिलंस त्याचं?" मी विचारले.

"एक्स."

बीजगणितात आम्ही ज्याला 'क्ष' म्हणतो, तो. मी वाचलो होतो. आणि वाचल्याचा आनंद मला झाला हे मी इथे कबूल करतो, कारण पुढचे सगळे त्या आनंदामुळे सुचले.

लाक्षागृहाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. विदुराची सूचना, भुयार, भीमाने लावलेली आग, आईला आणि भावांना घेऊन तो निघाला ती रात्र. सांगणाऱ्यालाही स्फुरण चढावे अशी ती कथा. पण सकाळी त्या राखेत सहा देह सापडले. लोकांनी ते कुंती आणि पांडवांचे मानले, आणि म्हणूनच पांडव सुटले. ते देह होते एका निषाद स्त्रीचे आणि तिच्या पाच मुलांचे. रात्री कुंतीने अन्नदान केले तेव्हा ती सहा जणे तिथे जेवली, प्याली आणि तिथेच झोपली. त्यांची नावे त्या कथेत नाहीत. ज्या ग्रंथात घोड्यांची आणि शंखांचीही नावे आहेत, त्यात त्या बाईला नाव नाही! मी ही कथा वर्गात अनेकदा सांगितली आहे, आणि भुयाराचे तोंड आले की नेमका तास संपवला आहे.

वाचक म्हणतील, मास्तर, कशाची तुलना कशाशी करता? निषादी हाडामांसाची होती. तुमचा 'क्ष' म्हणजे काचेवरची चार टिंबे. आक्षेप रास्त आहे. मी स्वतः कादंबरीत एका पोस्टमनला केवळ तार पोचवण्यासाठी जन्माला घातले आणि पुढच्या पानावर विसरलो. त्याबद्दल माझी झोप उडालेली नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेलेला मनुष्य नव्हे; पण कान्ट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये असे बजावले आहे, एवढे माझ्याही कानांवर आले आहे. त्याने ते माणसांविषयी बजावले, टिंबांविषयी नाही. 'क्ष' वर अन्याय झाला असे मी म्हणतच नाही.

मला छळले ते दुसरेच. आधीच्या व्यापाऱ्याला सोडताना मुलीचा हात अडला, कारण त्याला नाव होते. 'क्ष' ला सोडताना अडला नाही. म्हणजे तिने नाव न देण्याची तजवीज आधी केली, आणि मग काम सोपे झाले. ही युक्ती ती तेराव्या वर्षी शिकली. मी कितव्या वर्षी शिकलो, हे आठवू लागलो तेव्हा मला ती प्रश्नमंजूषा आठवली.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आंतरशालेय स्पर्धा होती आणि आमच्या शाळेचा संघ निवडणे माझ्याकडे होते. चौघे नक्की होते. एक इतिहासाचा पक्का, एक गणिताचा, अशी अगदी रुईदाच्या मद्यगृहातल्यासारखी जुळवणी मी केली होती. पण नियम असा की, पाचवा राखीव गडी असल्याशिवाय संघ दाखल करून घ्यायचे नाहीत. चांगला पाचवा घ्यावा तर तो "मला का नाही बसवलं?" म्हणून रुसणार, त्याचे वडील येणार. म्हणून मी मुद्दाम असा मुलगा घेतला की ज्याला आपली पाळी येईल अशी आशाच वाटू नये. तो इस्त्रीचा सदरा घालून आला. दिवसभर त्याने चौघांची दप्तरे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. आम्ही दुसरे आलो. छायाचित्र काढताना ढाल धरलेले चौघे आणि मी, एवढेच उभे राहिलो. कुणीतरी ते काढायला हवे होते, ते त्याने काढले.

या गोष्टीची मला कधी टोचणी लागली नव्हती. गेल्या श्रावणात तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर एका तरुणाने वाकून नमस्कार केला. अंगाने भरलेला, चांगल्या कपड्यांतला. म्हणाला, "सर, ओळखलंत? तुम्ही मला स्पर्धेला नेलं होतं." बरोबरच्या बायकोला तो सांगू लागला, "पूर्ण शाळेतून पाच जण निवडले होते. त्यात मी होतो." मी "हो, हो, अरे वा!" असे काहीतरी म्हणालो. त्याचे नाव मला आठवत नव्हते. विचारण्याचा धीर झाला नाही. जाताना तो म्हणाला, "दिवाळीत येतो घरी, सर. हिलाही घेऊन येतो."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते, असे पुस्तकी वाक्य मी लिहिणार नाही. शिव्या कुणालाच बऱ्या वाटत नाहीत. पण त्याने अकरा-बारा वर्षे एक मान जपून ठेवला होता, आणि तो मी दिलेलाच नव्हता. खरे सांगून तो काढून घेण्याचा मला अधिकार आहे काय? आणि न सांगता तो नमस्कार घेत राहण्याचा तरी?

परवा मी शाळेतले जुने कागद उपसले. स्पर्धेला पाठवलेल्या यादीची प्रत सापडली, माझ्याच अक्षरातली. चौघांची पूर्ण नावे, वडिलांच्या नावांसकट. खाली 'राखीव : १'. बस्स. त्या वर्षीच्या हजेरीपत्रकांत तीन तुकड्यांची मिळून दीडशेच्या वर नावे. मी ती सगळी मोठ्याने वाचून पाहिली. कुठल्याही नावापाशी तो सदरा दिसला नाही.

मुलगी खेळ अर्ध्यावर टाकून नव्या कशाच्या तरी मागे लागली आहे. 'क्ष' अजून तुरुंगात आहे. "रत्न घेतलं की झालं, बाबा, मग तिकडे जायचं कामच नसतं," असे तिने मला समजावून सांगितले.

फराळाची तयारी सुरू झाली आहे. दाराची कडी वाजली की तूच उघड, असे मी तिला सांगून ठेवले आहे. आणि कोण आलेय ते आत येऊन सांगण्याआधी त्यांना नाव विचार. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.