न पिणाऱ्याची मजुरी

दारू हराम आहे, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला लेख लिहावा लागत नाही. आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. पिणाऱ्याचा प्रश्न म्हणून सोपा आहे. अवघड प्रश्न आहे तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा. जो पीत नाही, विकत नाही, पण ज्याच्या हातून दुसऱ्याचं पिणं सुखरूप पार पडतं, त्याच्या रोजीचं काय?

शीळफाट्यावर हा प्रश्न शनिवार-रविवारी सकाळी चहाच्या टपरीशी उभा असतो. पनवेल, महापे, कल्याण आणि मुंब्रा इकडचे रस्ते इथं एकत्र येतात. नवी मुंबईतून नाशिकला निघालेली पर्यटकांची गाडी इथूनच मुंब्रा बायपास धरते, भिवंडीपाशी महामार्गाला लागते आणि शहापूर, कसारा घाट, इगतपुरी करत पुढं जाते. आत दहा-बारा मंडळी, मित्र नाहीतर एकाच ऑफिसातली. चालवणारा पुष्कळदा मुंब्र्याचा, कौशाचा किंवा शीळ-डायघरचा आपला पोरगा.

जायचं असतं वायनरी पाहायला. राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, २००५ मध्ये सुलानं गंगापूर धरणाच्या परिसरात चव घेण्यासाठी वेगळी खोली उघडली. मग इतर वायनऱ्याही पाहुण्यांना बोलावू लागल्या. ही रीत आली युरोपातून. इटलीत टस्कनीचं अँटिनोरी घराणं १३८५ पासून या धंद्यात आहे. तिथं जुन्या तळघरांतून फिरवून, इतिहास सांगून, घोट घोट चाखवणं हा दिवसभराच्या सहलीचा कार्यक्रम असतो. (त्याच इटलीत, सिसिलीच्या पलीकडे पँतेलेरिया बेटावर, ‘झिबिब्बो’ नावाचं द्राक्ष पिकतं. हा शब्द अरबी ‘झबीब’वरून आला, म्हणजे आपला मनुका. मुसलमानांनी नाव ठेवलं मनुक्याचं, पुढच्यांनी त्याची वाइन केली.)

नाशिकलाही तसंच. गाइड द्राक्षमळा दाखवतो, स्टीलच्या टाक्या दाखवतो, ओक लाकडाची पिंपं दाखवतो. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो, हे समजावतो. मग पाच-सहा प्रकारची वाइन थोडी थोडी ओततात. पेला फिरवायचा, वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा. व्यवसायानं चव घेणारे तो थुंकून टाकतात. सहलीला आलेले कशाला थुंकतील? ते पैसे देऊन आलेले असतात.

आपला पोरगा त्या वेळी पार्किंगमध्ये, गाडीच्या सावलीत डबा खात असतो. आणि या सगळ्या मौजेचा आधार तोच असतो. मोटार वाहन कायद्यानुसार शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडला तर तो चालकाचा गुन्हा. संध्याकाळी कसारा घाट उतरायचा असतो. तेव्हा सबंध गाडीत एक माणूस तरी असा हवा, ज्यानं थेंबही घेतलेला नाही. बुकिंग करणारा फोनवर स्पष्टच विचारतो, “ड्रायव्हर मुसलमान आहे ना? मग ठीक, तो पिणार नाही.” एरवी भाड्यानं खोली मागताना जे नाव आड येतं, तेच नाव इथं भरवशाचं ठरतं. त्याचा परहेज हा त्याच्या इमानाचा भाग. पण त्या दिवशी त्याचं भाडं ठरतं, आणि ते उपयोगी पडतं इतरांच्या पिण्याला.

आता शास्त्र पाहू. हदीसमध्ये दारूपायी दहा जणांवर लानत आली आहे. त्यांत पिळणारा आहे, विकणारा आहे, पाजणारा आहे, तिची किंमत खाणारा आहे आणि वाहून नेणाराही आहे. पोरगा म्हणतो, मी दारू कुठं वाहतो, मी माणसं वाहतो. जाताना हे खरं असतं. येताना डिकीत बाटल्यांची खोकी असतात. सकाळी शीळफाटा ओलांडणारा आणि रात्री ओलांडणारा माणूस एकच, पण मसला बदललेला असतो.

आपल्याकडे पटकन फतवा देणाऱ्यांना हे ठाऊक नसतं, की या प्रश्नावर फार जुनी आणि फार गंभीर चर्चा झालेली आहे. बिगरमुस्लिमाची दारू मजुरीनं वाहून नेली, तर ती मजुरी इमाम अबू हनीफांनी जायज मानली. गुनाह पिण्यात आहे, आणि पिणारा स्वतःच्या इच्छेनं पितो. वाहण्याचं काम त्यापासून वेगळं काढता येतं, असा त्यामागचा विचार. त्यांचेच दोन मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद, यांनी ती मजुरी मकरूह ठरवली. शाफई मजहब याहून कडक. आपले कोकणी बहुतेक शाफई. त्यांच्याकडे समोरचा दारूच गाळणार हे ठाऊक असताना त्याला द्राक्षं विकणंही मना आहे. म्हणजे मुंब्र्यातल्या एकाच जिन्यावर समोरासमोर राहणाऱ्या दोन घरांत या पोराच्या रोजीला दोन वेगळी उत्तरं मिळू शकतात, आणि दोन्ही दीनाच्या आतली.

मला स्वतःला उस्तादापेक्षा शागिर्दांचं म्हणणं जवळचं वाटतं. काम वेगळं काढता येतं हे कागदावर ठीक. घाटात ते एक होतं. पण मकरूह म्हणजे हराम नव्हे, आणि ही पायरी आपण विसरतो. एका मोहल्ल्यात अशाच एका पोराचा रमजानमधला चंदा परत केला गेला. परत करणाऱ्यांत एकाचा गाळा बिअर शॉपीला भाड्यानं होता. कोकणातल्या कितीतरी घरांवरची कौलं बोटीवरच्या पगारानं चढली. बोटीच्या कोठारात काय काय भरलेलं असे, हे कुणी विचारलं नाही. लांबच्या गुनाहाकडे आपण डोळेझाक करतो. ज्याच्या गाडीवर हप्ता आहे तो जवळ असतो, त्याला पकडणं सोपं.

आणि फायदा नाहीच, असं तरी कोण म्हणतं? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मोठ्या दुकानांतून वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा द्राक्ष उत्पादकांचं भलं हेच कारण पुढं केलं गेलं. अण्णा हजारे यांनी विरोध केला. कुरआननंही दारूत लोकांना काही फायदा आहे हे नाकारलेलं नाही. गुनाह फायद्याहून मोठा आहे, असं म्हटलं आहे. दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्याची अडचण खोटी मानायची गरज नाही, तशी या पोराचीही नाही.

त्याच्या आईनं आपल्यापुरता निकाल लावला आहे. नाशिकच्या फेऱ्यांचे पैसे ती वेगळ्या डब्यात ठेवते. त्यातून गाडीचा हप्ता जातो, विजेचं बिल जातं. आटा, दूध आणि धाकट्याच्या मदरशाची फी त्यातून नाही. हिशेब करणारा हसेल, पैसा शेवटी एकच म्हणेल. मी हसणार नाही. तिनं ना मुलाला हरामखोर म्हटलं, ना त्या कमाईला बिनघोर घरात घेतलं.

पोरगाही आता खोक्यांना हात लावत नाही. “तुमच्या पायाशी ठेवा,” एवढंच म्हणतो. चाकं तीच खोकी वाहतात, हे त्याला कळतं. शाळेच्या मुलांची ने-आण करायचं काम मिळेल म्हणून दोन ठिकाणी तो नाव देऊन आला आहे. हप्ते अजून तीन वर्षांचे आहेत.