आठवणारच नसेल, तर?



आजचा श्लोक पंधराव्या अध्यायातला पंधरावा. खरं तर तो चार दिवसांपूर्वीच यायला हवा होता, पण मी तिथेच अडकून बसले होते.

अर्थ थोडक्यात असा. भगवंत सांगतात, मी सगळ्यांच्या हृदयात बसलेलो आहे, आणि स्मृती, ज्ञान आणि त्यांचं 'अपोहन' हे माझ्यापासूनच होतं. अपोहन म्हणजे दूर होणं, काढून घेतलं जाणं. स्मृती आणि ज्ञान त्याच्याकडून येतात, हे पटकन पटतं. तिसरा शब्द मात्र घशाखाली उतरत नाही. विसरणंसुद्धा त्याच्याकडूनच?

उतरत नाही, कारण आमच्या घरात आजी आहे. तिला तीन वर्षांपासून डिमेन्शिया आहे. मागच्या महिन्यात आजोबा म्हणाले, "हिला एकदा नरसोबाच्या वाडीला नेऊन आणू या." आजीचं माहेर त्या बाजूचं. मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाले, "आजोबा, सहा तास गाडीत बसायचं. तिला त्रास, तुम्हाला त्रास. आणि दुसऱ्या दिवशी तिला आठवणारसुद्धा नाही."

आजोबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले.

त्या रात्री झोप येईना, म्हणून मी एक जुनी ब्रिटिश मालिका लावली, 'ग्रेट कॅनॉल जर्नीज'. २०१४ मध्ये ती तिकडे सुरू झाली. टिमथी वेस्ट आणि प्रुनेला स्केल्स हे नवराबायको, दोघंही नावाजलेले नट. 'फॉल्टी टॉवर्स' पाहिलं असेल तर त्यातली ती खमकी सिबिल म्हणजेच प्रुनेला. लग्न १९६३ चं. मालिका सुरू झाली तेव्हा दोघं ऐंशीच्या आसपास होते, आणि प्रुनेलाला स्मृतिभ्रंशाचा आजार जडलेला होता. त्यांनी तो लपवला नाही. कित्येक वर्षं सुट्टी मिळाली की दोघं बोट घेऊन कालव्यांवर निघायचे. तेच त्यांनी पुढे चालू ठेवलं, फक्त आता कॅमेरा सोबत होता.

ही बोट कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही क्रूझ म्हटल्यावर भलतंच डोळ्यांसमोर आणाल. इंग्लंडमधले बरेचसे कालवे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोळसा आणि माल वाहायला खणले गेले. खोदकामाचा खर्च आणि पाणी वाचावं म्हणून अनेक ठिकाणी ते अरुंद ठेवले. त्यामुळे त्यावरची 'नॅरोबोट' फक्त सात फूट रुंद, पण लांबीला सत्तर फुटांपर्यंत. आतमध्ये स्वयंपाकघर, पलंग, शेगडी, सगळं आगगाडीच्या डब्यासारखं एकामागे एक. पूर्वी घोडा काठावरून दोरीने ओढायचा, आता डिझेल इंजिन. आणि वेग? कमाल मर्यादा ताशी चार मैल. म्हणजे काठावरून कुत्र्याला फिरवणारा माणूस तुमच्या पुढे निघून जाऊ शकतो.

त्यात वाटेत लॉक. चढउताराच्या जमिनीवर बोट वरखाली नेण्यासाठी केलेला हा पाण्याचा हौद, दोन्ही टोकांना दारं. वर जायचं असेल तर खालच्या दारातून बोट आत घ्यायची, दार लावायचं, लोखंडी हँडल फिरवून वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. पाणी भरत जातं, बोट हळूहळू वर येते. यात एक गंमत आहे. आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. कितीही जोर लावा, जागचं हलत नाही. पातळी जुळली की मात्र त्याच दाराच्या लांब लाकडी दांड्याला पाठ टेकून रेटलं तरी पुरतं.

या दोघांचं कामाचं वाटप ठरलेलं. टिमथी मागे सुकाणूवर, आणि प्रुनेला हँडल घेऊन काठावर, लॉक चालवायला. टिमथी मधूनच बोट कुठेतरी धडकवतो. तिला बऱ्याच गोष्टी आठवत नाहीत, पण हँडल हातात आलं की हात आपलं काम करतात. आमची आजीही माझं नाव विसरते, पण वात वळायला कापूस दिला तर एकसारख्या वाती वळते.

रीडिंगपासून ब्रिस्टलकडे जाणाऱ्या केनेट अँड एव्हन कालव्यावर दोघं जातात तो भाग मी दोनदा पाहिला. ८७ मैलांची वाट आणि त्यावर १०५ लॉक. रेल्वे आल्यावर हा कालवा मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या मध्याला बंदच झाला. माणसांनी वर्षानुवर्षं चिखल उपसून तो पुन्हा सुरू केला, आणि १९९० मध्ये राणीने त्याचं उद्घाटन केलं. डिव्हायझेस गावाजवळ केन हिल नावाच्या टेकडीवर एकापाठोपाठ एक २९ लॉक आहेत. सगळे पार करायला पाच-सहा तास लागतात. गाडीने तेच अंतर म्हणजे पुण्याच्या ट्रॅफिकमधला एक सिग्नल. ऐंशीच्या आसपासची, गोष्टी विसरणारी बाई अशा वाटेवर निघाली आहे. कशासाठी? रात्री विचारलं तर तिला सांगता येईलच असं नाही.

टिमथी वेस्ट यांनी याचं उत्तर एका मुलाखतीत दिलं होतं, त्याचा आशय असा: तिला फारसं लक्षात राहत नाही, पण कालव्यावर काही लक्षात ठेवावंच लागत नाही, जे समोर येतं त्याचा येईल तसा आनंद घ्यायचा, म्हणून तिच्यासाठी ही जागा अगदी योग्य आहे.

हे ऐकलं आणि मी उठून पाणी प्यायले. कारण माझ्या वाक्यात नेमकं काय चुकलं होतं ते मला तेव्हा कळलं. "आठवणार नाही, मग कशाला?" या हिशेबात मी धरून चालले होते की अनुभवाची किंमत तो नंतर आठवण्यात आहे. आपण सगळे असंच जगतो, नाही का? ट्रेकला गेलो आणि स्टोरी टाकली नाही तर गेल्यासारखं वाटत नाही. कर्म करताना फळावर हक्क सांगू नको, हे दुसऱ्या अध्यायात आपण वाचलं. तेव्हा मला फळ म्हणजे प्रमोशन, पगार, परीक्षेचे मार्क वाटायचे. आठवण हेही एक फळच आहे, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

आता उलट बाजूने बघा. "तिला आठवणार नाही" हे कारण आनंद न देण्यासाठी चालत असेल, तर दुःख देण्यासाठीही चालायला हवं. मी आजीवर खेकसले, तासाभराने ती विसरली. मग काही बिघडलं नाही? असं कोणी म्हणालं तर आपण त्याच्या तोंडाकडे बघत राहू. खेकसल्यावर तिचा चेहरा जो पडतो, तो त्या क्षणी खराच असतो. मग ज्या क्षणी तो फुलतो, तो क्षण खोटा कसा?

आता अपोहनाकडे. गीतेत 'स्मृतिभ्रंश' हा शब्द आधीही येऊन गेलाय, दुसऱ्या अध्यायात. क्रोधातून मोह, मोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश आणि मग सर्वनाश. ओळखीच्या एका काकूंनी तेवढा शब्द धरून आमच्या घरी येऊन सांगितलं, "तापट असतील तरुणपणी." मी भाष्य उघडून पाहिलं. शंकराचार्य तिथे स्मृती म्हणजे शास्त्र आणि गुरू यांच्या उपदेशातून मनावर झालेल्या संस्काराची स्मृती, असं स्पष्ट म्हणतात. मेंदूच्या आजाराचा तिथे विषयच नाही. पण पंधराव्या अध्यायात मला तेवढी सुटका मिळाली नाही. तिथे आचार्य म्हणतात, पुण्यकर्म करणाऱ्यांना त्यानुसार ज्ञान आणि स्मृती, आणि पापकर्म करणाऱ्यांना त्यानुसार त्यांचं अपोहन. हे वाचून मी पुस्तक मिटलं. चार दिवस गेले ते यातच.

आचार्यांशी वाद घालण्याएवढी माझी पात्रता नाही. पण एवढं म्हणते, की कर्माचा सिद्धांत स्वतःकडे बघायला आहे, शेजारच्या आजीकडे बोट दाखवायला नाही. आणि श्लोकातला क्रम मला आता दिसतो. भगवंत आधी म्हणतात, मी हृदयात बसलोय. स्मृती आणि तिचं जाणं, हे त्यानंतर येतं. म्हणजे स्मृती आली म्हणून तो बसला असं नाही, आणि ती गेली म्हणून तो उठून जाईल असंही नाही. हे बरोबर आहे की नाही, जाणकारांनी सांगावं. मला यावर टेकता आलं.

हे सगळं गोड करून सांगायचं नाहीये मला. विसरणारा माणूस सतत त्या क्षणात मजेत असतो, असं अजिबात नाही. संध्याकाळ झाली की आजी घाबरते, घरी जायचं म्हणते, आणि आपण घरातच असतो. दोघांनी मिळून जगलेली वर्षं टिमथीला एकट्याला सांभाळायची होती. मालिकेत तो कधी नुसताच तिच्याकडे बघत राहतो, तेव्हा ते दिसतं. आयुष्यभराच्या जोडीदाराला थोडं थोडं हरवत जाणं ताशी चार मैलांच्या वेगाने झालं तरी हरवणंच असतं. तो नोव्हेंबर २०२४ मध्ये गेला. ती पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये. मालिका थांबण्याआधी दोघं देशोदेशीच्या पाण्यावर फिरून आले होते, आपल्या केरळच्या बॅकवॉटर्समध्येसुद्धा.

आजोबांना मी तो लॉकचा प्रसंग दाखवला. इंग्रजी त्यांना भराभर कळत नाही, पण पाणी भरून दार उघडतं ते त्यांनी बारकाईने पाहिलं. मग म्हणाले, "मी पण आता हिच्याशी वाद घालत नाही. ती म्हणते माझे वडील येणारेत, तर मी म्हणतो, चहा टाकू का?"

गेल्या शनिवारी आम्ही वाडीला गेलो. कराडपर्यंत आजी नीट होती, तिथून पुढे तासभर रडली. का ते तिलाही सांगता येईना. मला वाटलं, झालं, मी म्हणत होते तेच खरं. घाटावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. आजोबांनी तिचा हात धरून तिला दोन पायऱ्या खाली नेलं. कृष्णेचं पाणी पायाला लागलं तशी ती थांबली. मग वाकून तिने ओंजळ भरली, आधी डोळ्यांना लावली आणि उरलेलं पाणी आजोबांच्या डोक्यावर शिंपडलं. कोणी सांगितलं नव्हतं. मी फोन काढायला खिशात हात घातला आणि तसाच ठेवला.

परत येताना साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. आजी बशीतला चहा फुंकत म्हणाली, "अहो, वाडीला कधी जायचं हो?"

आजोबा म्हणाले, "तू म्हणशील तेव्हा."